बिजलीसाठी खाली बसवलेली पिकअप

माझ्या धंद्यात माणूस गाडीकडे नेहमी मागून बघतो. बाकीचे लोक गाडीचा रंग बघतात, कंपनी बघतात, आत कोण बसलंय ते बघतात. मी बघतो की मागची बाजू एकीकडे झुकली आहे का, रिकामी असून शेपूट खाली का गेलंय, आणि खचाखच भरलेली असूनही ताठ कशी उभी आहे. रस्त्यात पुढे एखादा ट्रक दिसला की माझी चाल आपोआप मंदावते. बायकोला याचा फार राग येतो. "सगळं जग पुढून बघतं, हे एकटेच मागून," असं ती चारचौघांत सांगते. मी खोडून काढत नाही, कारण ते खरं आहे.

मी कमानीवाला. इंदूरमध्ये सियागंजच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. आता ती जागा भाड्याने दिली आहे आणि तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. कधी त्या बाजूला गेलो तर मी समोरच्या फुटपाथवरून जातो, आत बघत नाही. पण तो विषय नको.

कमानी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. महाराष्ट्रात तिला पाटे म्हणतात. ट्रक, पिकअप, जुन्या जीप अशा गाड्यांच्या मागच्या चाकांपाशी, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची एक चळत असते. सर्वांत लांब पट्टा वर, त्याखाली आखूड, त्याखाली आणखी आखूड. सगळे पट्टे धनुष्यासारखे वाकवलेले आणि मधोमध बोल्टने आवळलेले. धनुष्याच्या दोन टोकांवर गाडीची बॉडी बसते, आणि मधल्या भागाखाली चाकांचा दांडा, म्हणजे एक्सल, बांधलेला असतो. माल भरला की धनुष्य सपाट होतं, उतरवला की पुन्हा वाकतं. बस, एवढंच. माझे पणजोबा इंदूर संस्थानच्या बग्गीखान्यात होते, तेव्हा राजघराण्यातल्या बायकांच्या बग्ग्यांनाही हीच कमानी होती. घोडे गेले, इंजिन आलं, कमानी तीच राहिली. म्हणून आमच्या घराण्याचं दुकान चालत राहिलं.

दुकानाचे दोन कायदे होते. पहिला शकूरभाईंचा. शकूरभाई आमच्याकडचे हातोड्याचे धनी. माझ्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं होतं, आणि मी गादीवर आलो तेव्हा त्यांनीच मला कामावर ठेवून घेतलं असं म्हणणं जास्त बरोबर होईल. त्यांचा कायदा असा, की पट्टा तापवायचा नाही. गॅसची ज्योत मारून पट्टा वाकवणं किंवा सपाट करणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वस्त. पण त्याने पोलादाचा कस जातो आणि कधीतरी भर घाटात पट्टा काडकन तुटतो. शकूरभाई पट्टा ऐरणीवर ठेवून थंडच ठोकत. कोणी घाई केली तर इंदुरी ढंगात, 'भैया'चं 'भिया' करून, म्हणत, "भिया, लोहे को गुस्सा मत दिलाओ. वो अभी कुछ नहीं बोलेगा, मानपुर के घाट में बोलेगा."

दुसरा कायदा माझा. रिकाम्या गाडीची कमानी बसवायची नाही. गाडी जो माल वाहणार तोच भरून आणायचा, मग मी माप घेणार. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण आणायची. टोमॅटो आले, विटा आल्या, तंबूवाल्याचे खांब आले. एकदा एक बँडवाला आला आणि मी म्हटलं, माल आणा, तर दुसऱ्या दिवशी तो अख्खा बँड गाडीत बसवून घेऊन आला. मी गाडीखाली पट्टी घेऊन आडवा पडलो होतो आणि वर ते लोक सराव करत होते. ढोलवाल्याने ठेका धरला की गाडी बोटभर वर-खाली व्हायची. शेवटी मी बाहेर येऊन म्हटलं, "थोडं शांत बसा, माप हलतंय." तर बँडमास्तर म्हणाला, "उस्ताद, बरात में भी तो हिलेगी!" बरोबरच होतं त्याचं. मी ठेका चालू असतानाच माप घेतलं.

आयुष्यभर माझं काम एकच. गाडी वर उचलणं. जो येईल तो म्हणणार, "दो पट्टे और डाल दो." सगळ्यांना जास्त माल भरायचा असतो. कमानी जितकी कडक तितका माल जास्त, हे त्यांचं गणित. एका बटाटेवाल्याने माझं न ऐकता इतके पट्टे घालून घेतले की गाडी लाकडी पाटासारखी कडक झाली. बटाट्यांना काय, त्यांनी तक्रार केली नाही. पुढे त्याला अंड्यांची खेप मिळाली. उज्जैनहून परत आला तेव्हा गाडीच्या फटींतून पिवळं गळत होतं आणि गल्लीतली मांजरं त्याच्या मागे. शकूरभाईंनी हातोडा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कांदा-मिर्ची भी डाली थी क्या?" तो बिचारा इतका चिडला होता, पण त्यालाही हसू आवरेना.

खाली आणायला कोणी येत नसे. आलेच तर ऐटबाज तरुण. तसा एक इंदुरातल्याच तुकोगंज भागातला मुलगा आला होता. वडिलांची जुनी पिकअप त्याला झोकात, रस्त्याला टेकलेली हवी होती. मोबाइलवर परदेशी व्हिडिओ बघून त्याने एक्सल आणि कमानी यांच्यामध्ये लोखंडी गुटके, म्हणजे ठोकळे, स्वतःच बसवले होते. व्हिडिओतली गाडी त्याने खाली गेली. याची दोन इंच वर गेली. तो माझ्यासमोर डोकं धरून बसला. "काका, मैंने same to same किया!" मी त्याला गाडीखाली झोपवून दाखवलं, की त्या व्हिडिओतल्या गाडीत कमानी एक्सलच्या खाली होती, आपल्या गाड्यांत ती वर असते. तिथे गुटका घातला की गाडी खाली जाते, इथे वर जाते. तो बराच वेळ तसाच पडून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे उलटं करायचं का?" मी म्हटलं, उलटंच करता येतं, पण ते मोठं काम आहे. हे वाक्य मी सहज बोलून गेलो. त्यानंतर काही काळाने इंदूरजवळच्या देपालपुरचे बापूसाहेब जाधव आले आणि मला तेच मोठं काम करावं लागलं.

बापूसाहेबांचे पूर्वज संस्थानचे शिलेदार. म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारे. संस्थान गेलं, चाकरी गेली, जमीन राहिली, आणि घरात एक घोडं ठेवायची रीतही राहिली. बापूसाहेब सोयाबीन पिकवत, चांगलं खाऊन-पिऊन सुखी होते. मिशा मात्र अजून चाकरीवर असल्यासारख्या. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी वैदेही होती. ती तुकोगंजात एका ऑफिसात कामाला होती. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. घरात बाप, लेक आणि बिजली नावाची घोडी, एवढाच संसार.

"कमानी उतरवायची आहे," बापूसाहेब म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "चढवायची ना?"

"उतरवायची. जितकी उतरेल तितकी. आणि भिया, गाडी जुनी आहे, उगाच फार खर्चात पाडू नका. पण काम पक्कं."

हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. मी कारण विचारलं, तर वैदेहीनेच सांगितलं. "काका, माझं लग्न आहे, इथे तुकोगंजातल्या कार्यालयात. मी ठरवलंय, मंडपात बिजलीवरूनच जाणार. आम्ही दोघी एकदमच मोठ्या झालो ना. पण मागच्या वर्षी ती गाडीत चढताना फळीवरून घसरली. तेव्हापासून गाडीजवळ येते, वर बघते, और बस. पाय रोवून उभी राहते."

आता तुम्हाला सुचेल ते सगळं मलाही सुचलं. मी म्हटलं, लांब फळी घ्या, म्हणजे चढ कमी होईल. ते म्हणाले, लांब फळी मधून लवते, बिजलीला ते मुळीच चालत नाही. मी म्हटलं, दुसरी मोठी गाडी करा. तर बंद गाडी दिसली तरी ती लाथा झाडते, चढली तर याच पिकअपमध्ये. मग मी म्हटलं, शेतातल्या बांधाला गाडी लावा आणि बांधावरून सरळ आत घाला. यावर बापूसाहेब म्हणाले, "घरी बांध आहे हो. तुकोगंजात बांध कुठून आणू? तिथे उतरवायचं आहे, परत चढवायचं पण आहे."

आणि देपालपुरहून चालवत आणायची तर बिजलीचं वय झालेलं. एवढं डांबर तुडवून आली असती तर मंडपात तिलाच खुर्ची द्यावी लागली असती.

वैदेही शकूरभाईंचं काम बघायला आत गेली, तेव्हा बापूसाहेब जरा जवळ सरकले. "पोरगी जाणार," ते म्हणाले. "नाशिकला. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. हे एकच मागितलंय. ते झालं नाही तर मला आयुष्यभर डाचेल." मिशा जरा हलल्या. मी चहा मागवला.

गाडी खाली आणायचा स्वस्त रस्ता कोणता? ज्योत मारून पट्टे सपाट करणं, ते शकूरभाईंनी ऐकून घेतलं नसतं. दुसरा रस्ता म्हणजे चळतीतले काही पट्टेच काढून टाकणं. सात होते, दोन्ही बाजूंचे दोन-दोन काढले, उरलेल्यांची कमान शकूरभाईंनी थंडच ठोकून थोडी उतरवली. आता माप. माझ्या कायद्याप्रमाणे माल आणायला हवा. पण माल गाडीत चढत नव्हता, म्हणून तर गिऱ्हाईक आलं होतं! मग मी सियागंजातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून साखरेची पोती उसनी आणली. वैदेहीने घोडीचं वजन सांगितलं, तेवढी पोती भरली. गाडी झकास खाली बसली. मी शकूरभाईंकडे बघितलं, शकूरभाईंनी मान डोलावली. बापूसाहेब खूश होऊन गाडी घेऊन गेले.

दोन दिवसांनी वैदेहीचा फोन. "काका, ती चढत नाही."

"गाडी खाली आली ना?"

"खाली तो आली. आता तर ती आधीपेक्षा जास्त घाबरते."

मी आणि शकूरभाई बसने देपालपुरला गेलो. अंगणात पिकअप उभी, मागे फळी लावलेली. बिजली पांढरी, पाठीवर वयाचे करडे ठिपके, आणि नाव बिजली असलं तरी चालणं एखाद्या मामलेदारीण बाईंसारखं. वैदेहीने लगाम धरला आणि तिला फळीवरून वर आणलं. फळीवरून ती आली, अगदी शहाण्यासारखी. मग तिने पुढचा एक खूर गाडीच्या काठावर ठेवला.

आणि गाडी खचकन खाली दबली. मागच्या फाळक्याची साखळी खणखणली, फळी सरकली, आणि बिजली अशी मागे आली की लगाम धरायला पुढे झालेले बापूसाहेब कडब्याच्या गंजीत जाऊन बसले. फक्त मिशा आणि फेटा दिसत होता. वैदेहीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ती बिजलीच्या मानेत तोंड घालून उभी राहिली.

शकूरभाई कडब्यातून बापूसाहेबांना ओढून काढत होते. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "भिया, शक्कर की बोरी चलकर थोड़ी चढ़ती है."

मी कपाळावर हात मारला. सगळं आयुष्य या कामात गेलं, आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पोतं आपण गाडीच्या मधोमध ठेवतो, ते तिथेच बसून राहतं. सगळी पोती ठेवून झाल्यावर मी माप घेतलं. घोडी मात्र एक एक पाऊल टाकत येते. पहिल्या पावलाला तिचा भार काठावर येतो, चाकांच्याही मागे. पट्टे काढून मी कमानी मऊ करून ठेवली होती, त्यामुळे काठ दबणारच. गाडी मी खाली आणली होती, पण तिच्या पायाखालची जमीनही हलती करून ठेवली होती. एकदा घसरलेल्या जनावराला हे कसं चालेल? उंचीपेक्षा तिला हलण्याची भीती होती.

"बापूसाहेब," मी म्हटलं, "पुन्हा दुकानात आणावी लागेल. हे काम माझ्याकडून चुकलं. आता जे करू ते माझ्या अंगावर."

"लग्न जवळ आलंय हो," ते म्हणाले. अंगावरचा कडबा झटकत होते, पण आवाजात झटकण्यासारखं काही नव्हतं.

आता पाहिजे होती खाली बसलेली आणि तरीही कडक गाडी. दोन्ही एकदम. त्याला उपाय तो उलटा, जो मी तुकोगंजातल्या त्या मुलाला सहज बोलून गेलो होतो. काढलेले पट्टे परत घातले. कमान होती तशी केली. मग एक्सल सोडवला आणि कमानीच्या खालून काढून वर बांधला. म्हणजे आधी एक्सल, त्यावर कमानी, त्यावर बॉडी असं होतं. आता कमानी एक्सलच्या खाली लटकली. एक्सलची जाडी आणि चळतीची जाडी, दोन्ही मिळून बॉडी तेवढी खाली आली. पट्टा एकही नवा नाही, फक्त एक्सलवर कमानी टेकते त्या बैठका कापून दुसऱ्या बाजूला वेल्ड करायच्या. ऐकायला सोपं आहे. पण बैठक वेल्ड करताना केसभर फिरली तर इंजिनकडून येणारा फिरता दांडा वाकडा होतो आणि गाडी गुरगुरत चालते. मागच्या ब्रेकला जोडलेली सळईही नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. ती तशीच राहिली तर ब्रेकला वाटतं गाडी भरलेली आहे, आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं आवळून बसतात. रस्त्यावरचे स्वस्तवाले नेमकं हेच विसरतात. शकूरभाईंनी वेल्डिंगवाल्याच्या मानेपाशी उभं राहून काम करून घेतलं. तो बिचारा म्हणाला, "चाचा, साँस तो लेने दो."

तरीही काठावर पाऊल पडलं की थोडं दबणार, हे उरलंच. मग पाण्याच्या जाड पाइपाचे दोन पाय केले आणि बिजागरीने मागच्या काठाखाली लटकवले. गाडी उभी केली की पाय खाली सोडायचे, खीळ अडकवायची, की काठ जमिनीवर टेकला. निघताना पाय वर घडी. फाळक्याच्या साखळीला बायकोच्या जुन्या नऊवारीची पट्टी गुंडाळली, म्हणजे खणखण नको. बायको म्हणाली, "माझी साडी कमानीच्या कामाला आली, आता धन्य झाले." पण साडी तिनेच शोधून दिली होती.

एक गोष्ट बापूसाहेबांना सांगणं भाग होतं. गाडी इतकी खाली आली की एक्सल आणि चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्यामध्ये फारशी जागा राहत नाही. घोडीचं वजन चालेल. सोयाबीनची पोती भरली तर खड्ड्यात एक्सल चॅसिसवर आपटेल. म्हणजे ही पिकअप यापुढे मालाची राहिली नाही. माझ्यासारख्या, आयुष्यभर गाड्यांत जास्त माल मावावा म्हणून राबलेल्या माणसाला हे बोलणं जड गेलं.

बापूसाहेबांनी दुकानाच्या दारातून गाडीकडे एकदा बघितलं. "माल भाड्याच्या गाडीने जाईल," ते म्हणाले. "बिजली भाड्याच्या गाडीने जात नाही ना!"

या वेळी पोती नाहीत. पिकअप मीच चालवत देपालपुरला नेली. पाय सोडले, छोटी फळी लावली. आता तिला चढ असा नव्हताच, घराच्या पायरीएवढा. बिजलीने काठावर खूर ठेवला. वाजवला. पुन्हा वाजवला. काठ हलला नाही. मग तिने दुसरा पाय ठेवला, आणि मागचे दोन्ही पाय असे आणले जसं काही रोजचंच आहे. वैदेही तिच्यापुढे चालत आत गेली होती. तिने आतूनच ओरडून विचारलं, "काका, हे आधी का नाही केलं?"

"आधी साखर होती, बाई," मी म्हटलं.

सगळे हसले. बापूसाहेब हसले नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती पोरीच्या हाताने चढली. आजवर ती पोरीच्या मागेच चढलेली आहे. माझ्या हाताने कधी चढली नाही. लग्न झाल्यावर तुकोगंजातून परत कशी आणणार?" मी कमानीवाला. मी एवढंच म्हटलं की बघू, आणि ते बघू मला रात्रंदिवस टोचत राहिलं.

वैदेहीने मला आणखी एक काम दिलं होतं. "त्या दिवशी बाबांना स्टेअरिंगवर बसू देऊ नका. ते रडतील और गाडी खांबावर घालतील." म्हणून लग्नाच्या दिवशी ड्रायव्हर मी.

सकाळची वेळ, तुकोगंजातलं कार्यालय, दारात सनई. मी गाडी पुढच्या गल्लीत फुटपाथला लावली, पाय सोडले, आणि बिजली पायरी उतरावी तशी उतरली. कपाळावर मोत्यांची झालर, पाठीवर जुन्या शिलेदारीतली जरीचं खोगीर. पैठणी नेसलेली वैदेही त्या गल्लीतून बिजलीवर बसून आली. रस्त्यावर वाहनं थांबली. पोह्याच्या गाडीवरचा माणूस झारा हातात धरून बाहेर आला आणि ओरडला, "भिया, दुल्हन घोड़ी पे! आज तो मजा आ गया!" नवरदेव दारात हार घेऊन उभा होता. त्याच्या घरात आजवर घोडा फक्त भिंतीवरच्या चित्रात होता, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बिजलीने त्याचा हार हुंगला आणि त्यातलं एक शेवंतीचं फूल खाल्लं. वऱ्हाडात जो हशा उसळला त्यात तो मुलगाही मोकळा हसला, आणि मला तो तिथेच आवडला. बापूसाहेब लगाम धरून चालत होते. मान वर, मिशा वर, डोळे भरलेले. मी आयुष्यात पुष्कळ कामं केली. कामाचं सुख असं समोर उभं राहून बघायला मला पहिल्यांदाच मिळालं.

दुपारी पाठवणी झाली. त्याबद्दल काय लिहू. ज्यांच्या घरी लेक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून उपयोग नाही. नवऱ्याची गाडी कोपऱ्यावरून वळली. बिजली कडुनिंबाला बांधली होती, तिने मान उंच करून गाडी गेली त्या दिशेला दोन हाका दिल्या.

मग मांडववाले खुर्च्या आवरू लागले. मी पिकअप मागे आणली, पाय सोडले, फळी लावली. बापूसाहेब लगाम घेऊन उभे राहिले. त्यांना पुढे पाऊल टाकवेना. तेही त्याच कोपऱ्याकडे बघत होते, बिजलीही. मी शकूरभाईंकडे बघितलं. ते लग्नाला खास शेरवानी घालून आले होते. त्यांनी डोळ्यानेच खूण केली, की काही बोलू नकोस.

शेवटी बापूसाहेब हळू आवाजात तिला म्हणाले, "चल बिजली. आता मीच आहे." आणि लगाम त्यांच्या हातातून सुटला. मुद्दाम सोडला की बोटांत जोर उरला नव्हता, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

बिजली फळीपाशी गेली. काठावर खूर वाजवला. थांबली. मागे वळून बापूसाहेबांकडे बघितलं. मग आपली आपणच चढली आणि आत जाऊन उभी राहिली.

बापूसाहेब ते बघत राहिले. मग धोतराचा सोगा सावरत तेही फळीवरून चढले. मी म्हटलं, पुढे केबिनमध्ये बसा, ऊन आहे. ते म्हणाले, "नको. ती एकटी आहे." शकूरभाईंनी त्यांना आत एक उशी फेकली आणि फाळका लावला. साखळी वाजली नाही.

तुकोगंजातून देपालपुरापर्यंत मी गाडी अशी चालवली की सायकलवाले मला मागे टाकून जात होते आणि वळून वळून बघत होते. मागून खुरांचा आवाज एकदाही आला नाही. बापूसाहेबांचा मात्र वाटभर येत होता. शकूरभाईंनी काच खाली केली आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो. ते बिजलीला लग्नाची सगळी हकिगत सांगत होते. नवरदेव कसा घाबरला होता, विहीणबाई कशा साध्या आहेत, वैदेहीने आईचे पाटल्या-तोडे घातले होते ते तिला कसे शोभत होते. आणि मठ्ठा जरा आंबट झाला होता, हेसुद्धा.